दफन हीदेखील आपल्यातलीच रीत

हिंदूंमध्ये दहनच होते, त्यामुळे नाशिकमध्ये दफनभूमीची गरज केवळ मुस्लिम व ख्रिस्ती समाजालाच असते, हे मत मला मान्य नाही. लिंगायत व दशनामी गोसावी समाजांत मृतदेह बसवून समाधी देण्याची परंपरा आहे. लिंगायतांमध्ये जंगमाच्या (लिंगायत पुरोहिताच्या) उपस्थितीत मृताच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग (अंगावर धारण केले जाणारे छोटे शिवलिंग) ठेवतात, भस्म आणि बेलपाने वाहतात, आणि जमलेल्या प्रत्येकाने मूठमाती द्यावी अशी अपेक्षा असते. अस्थिविसर्जनासाठी रामकुंडावर गावोगावचे लोक येत असल्याने येथे दहन हीच एकमेव रीत वाटते, हे समजू शकते. परंतु घरात मृतदेह असताना त्या कुटुंबाला “अग्नी का देत नाही?” असे विचारणे फार क्लेशदायक असते, शेजाऱ्यांनी त्या वेळी जागेची परवानगी आणि खड्डा खणणारी माणसे यांची सोय पाहावी.