तंजावर बघून आलात, जत कधी बघणार?

कृष्णाकाठ : परवा इथं एकानं लिहिलं, ‘तामिळनाडू फिरून आलो. भाषेचा अभिमान तिथं बघावा. आपल्या मराठी माणसाला कणाच नाही.’ दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. आठ दिवसांच्या सहलीत देवळं आणि हॉटेलं दिसतात, माणसं नाही दिसत. माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, गलाईवाले. कोइमतूरला 30 वर्षं सोनं आटवलं. तमिळ बोलायला शिकले, वाचायलाही शिकले. घरात मात्र भाकरी आणि बोली गावाकडचीच. तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 चा मराठी शिलालेख आहे, भोसल्यांच्या घराण्याचा. इतका भाषाभिमान असून तिथं तो कुणी खरवडून काढला नाही. हे दिसलं का तुम्हाला?

सांगलीवाडी : ते लिहिणारा मीच. शिलालेख बघितलाय. कणा नाही हे परत म्हणतो. 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा आदेश निघाला, तेव्हा आपल्या गल्लीत कोण बोललं?

विटेकर : 29 जूनला तो मागं घ्यावा लागला ना? मग कणा नाही कसा म्हणता?

सांगलीवाडी : मुंबईत मोर्चाची हाक गेली म्हणून. तुम्ही-आम्ही काय केलं?

जतकर : तुमचं हिंदी-तमिळ चालू द्या. आमच्या जत तालुक्याच्या पूर्व भागात घरात कन्नड, सातबारा मराठीत. 2022 ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या 40 गावांवर दावा सांगितला, तेव्हा कुठं मुंबईला आमची आठवण झाली. त्याआधी म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली.

सांगलीवाडी : म्हणून तुमच्या गावांनी कर्नाटकात जायची भाषा करायची? संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्यात. बेळगावची माणसं अजून झगडतायत. लाज वाटायला पाहिजे.

जतकर : लाज कुणी काढायची ते ठरवू. ऑगस्ट 2019 ला कृष्णा तुमच्या घरात शिरली, त्याच आठवड्यात आमच्या गावात टँकर चालू होता. एकाच जिल्ह्यात. माझी आई घागर घेऊन रांगेत उभी होती आणि तिनंच तुमच्यासाठी भाकरी थापून टेम्पोत दिल्या. तिला मराठी धड येत नाही. तिला कणा नाही म्हणता?

विटेकर : दादा, आता तरी ऐका त्यांचं.

सांगलीवाडी : भाकरी आल्या होत्या. चार दिवस गच्चीवर होतो आम्ही, त्यातल्याच खाल्ल्या असतील. तुमच्या आईला मी काही म्हटलेलं नाही. पाण्याचं मान्य, आधी द्यायला पाहिजे होतं. सक्तीचं आणि राज्य सोडण्याचं मात्र मान्य नाही, आणि होणारही नाही.

कृष्णाकाठ : सक्तीच्या विरोधात मीही आहे. कणा नाही म्हणालात, ते टोचलं. वडील गेल्या वर्षी वारले. शेवटपर्यंत सही मराठीतच करायचे.

सांगलीवाडी : तो शब्द तुमच्या वडिलांपुरता मागं घेतो.

जतकर : आणि आमच्यापुरता?

सांगलीवाडी : एप्रिलमध्ये येतो तुमच्या जत तालुक्यात, उमदीला. मग सांगतो. बोलणार मात्र मराठीत.

जतकर : या. आई कन्नडमध्येच विचारेल, जेवलात का म्हणून.