८ तारांच्या गिटारचा स्केल
वर विचारलंय की फिल्म स्कोअर (सिनेमाचं पार्श्वसंगीत) आणि सॅम्पलिंगसाठी (एकेक सूर रेकॉर्ड करून नंतर वाजवायला) ८ तारांची गिटार बनवताना नेहमीचा २५.५ इंच स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी) चालेल का, तर प्लीज नका ठेवू. सगळ्यात खालचा एफ शार्प ४६.२५ हर्ट्झला येतो, बेस गिटारच्या सगळ्यात खालच्या ई पेक्षा जेमतेम दोन फ्रेट वर, एवढ्या कमी लांबीत ती जाड तार ढिली पडते, जोरात छेडली की सूर आधी चढतो मग खाली बसतो आणि सॅम्पलचा लाऊड लेयर (जोरात वाजवून रेकॉर्ड केलेला भाग) बेसूर होतो. मल्टिस्केल करा, म्हणजे प्रत्येक तारेची लांबी वेगळी, सगळ्यात जाड तारेला २८ इंच आणि सगळ्यात बारीक तारेला २५.५, त्यामुळे फ्रेट्स तिरक्या येतात, पण तिरक्या फ्रेट्सची सवय होते. आणि प्रत्येक तारेला वेगळा चॅनल देणारा आठ तारांचा पिकअप (तारेचं कंपन सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवाच, सहा तारांचा हेक्साफोनिक पुरणार नाही! प्रत्येक तारेचं आउटपुट वेगळं मिळतं, मग एकाच टेकमधून जाड तारा मधोमध ठेवून बारीक तारा दोन्ही बाजूंना पसरवता येतात, कसलं भारी वाटतं ते.