चपला भिरकावणारी मुलगी: समुपदेशन नक्की कोणाला हवे?

प्रश्न (खानापूर): धाकट्या भावाच्या जन्मानंतर आमची ४ वर्षांची मुलगी अंगणवाडीतून येताच चपला भिरकावते आणि पाळण्याखाली बसून रडत राहते. सासूबाई म्हणतात, हट्ट आहे, दुर्लक्ष कर. समुपदेशन तिला हवे की आम्हाला?

उत्तर (बेळगाव): ताई, सुरुवात तुमच्यापासूनच करावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या पालक-बालक उपचारपद्धतीत साधारण २ ते ७ वर्षांचे मूल आईवडिलांबरोबर खेळते, तेव्हा समुपदेशक काचेपलीकडून पालकाच्या कानातील यंत्रावर सुचवत असतो की प्रश्न विचारू नका, आज्ञा देऊ नका, मूल जे करते आहे तेच शब्दांत सांगा. बाळाला आजीकडे देऊन घरी रोज ५ मिनिटे असे बसून पाहा. (पहिले चार दिवस मलाच गप्प राहवले नव्हते.)

उत्तर (निपाणी): या वयात मत्सर सांगता येत नाही, तो चपलेतून बाहेर पडतो. शिवाय घरी मराठी आणि अंगणवाडीत कन्नड असेल, तर ती दमूनही येत असेल. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलून पाहा.

प्रश्नकर्ती: कालपासून मी तिच्याबरोबर तशी बसते आहे. भातुकलीत तिने बाहुलीला डब्यात बंद केले; मी एवढेच म्हणाले, "बाळ डब्यात गेले." थोड्या वेळाने तिनेच झाकण उघडले.