साध्या पेशीसुद्धा लढतात

शरीरात जंतू घुसले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी येईपर्यंत बाकीच्या पेशींच्या हातात काहीच नसतं असं म्हणतात, ते मला पटत नाही, म्हणून थोडं सांगतो.

आतड्याच्या अस्तरातली एखादी साधी पेशी घ्या. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू आत घुसतो तो पातळ पडद्याच्या फुग्यात बसून, आणि त्या फुग्याच्या आतल्या बाजूला साखरेच्या साखळ्या असतात ज्या एरवी पेशीच्या आतल्या द्रवात कधी उघड्या दिसतच नाहीत. जंतूमुळे फुगा फाटला की त्या उघड्या पडतात आणि गॅलेक्टिन-८ नावाचं प्रोटीन लगेच जाऊन चिकटतं, म्हणजे पेशी चोर ओळखत नाही, मोडलेलं दार ओळखते! मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. मग दुहेरी पडदा जंतूभोवती गुंडाळला जातो, लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचवणाऱ्या पिशवीला, जाऊन मिळतो आणि जंतू आतल्या आत जिरतो. हीच ऑटोफॅजी, जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल याच यंत्रणेसाठी मिळालं, त्यांनी काम केलं होतं यीस्टवर.

व्हायरसचं वेगळं. काही व्हायरस स्वतःचा डीएनए घेऊन येतात. पेशीत डीएनए केंद्रकात नाहीतर मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत) असायला हवा, बाहेर सापडला की सीगॅस नावाचं एन्झाइम त्याला धरतं, धोक्याची घंटा वाजते, इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रोटीन बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशी आधीच तयारीला लागतात. हे इंटरफेरॉन १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांना सापडलं, कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर प्रयोग करताना. फ्लूमध्ये अंग मोडून येतं ना, त्यातही याचा वाटा असतो.