प्रतिसाद: एंड कॅपवरचा चकचकीत ओरखडा
गोळ्या अचानक डावीकडे जाताहेत, कागदावर आडवी लांबट भोकं पडताहेत आणि रायफलच्या सप्रेसरच्या (नळीच्या तोंडावर चढवायचं, आवाज कमी करणारं नळकांडं) एंड कॅपवर, म्हणजे पुढच्या टोकाच्या झाकणावर, चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा आहे, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून आता एकही गोळी झाडू नका! हा बॅफल स्ट्राइकच दिसतो, म्हणजे गोळी सप्रेसरच्या आतल्या बॅफलना (वायू अडवणाऱ्या भोकाच्या चकत्यांना) किंवा एंड कॅपला घासून जातेय. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा आणि सप्रेसर चढवलेला ठेवून नळीत अलाइनमेंट रॉड (नळीच्या मापाचा सरळ दांडा) घाला. एंड कॅपच्या भोकात तो एका बाजूला सरकलेला दिसला तर सप्रेसर ज्यांवर फिरवून बसतो ते नळीचे आटे वाकडे कापलेत किंवा सप्रेसर पुरता बसलेला नाही. आट्यांमागच्या खांद्यावर (सप्रेसर टेकतो त्या कडेवर) साचलेली काजळीसुद्धा तो नीट न बसायला पुरते. बॅफल घरी बदलायच्या फंदात पडू नका. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १९८६ पासून सुटा बॅफलही सप्रेसरच धरला जातो. थेट उत्पादकाशी बोला, आणि नळीचे आटे गनस्मिथकडून तपासून घेतल्याशिवाय दुसरा सप्रेसर त्यावर चढवू नका.