बेघर कुटुंबांचा मोडकळीस आलेला निवारा पुन्हा बांधण्यासाठी नगरपरिषदेने निधी कोठून उभा करावा?

कृष्णाकाठची रहिवासी

सांगली जिल्ह्यातील नदीकाठच्या एका लहान नगरपरिषदेच्या हद्दीत मी राहते आणि बचत गटाच्या वतीने गावच्या बेघर निवाऱ्यातील जेवणाची व्यवस्था पाहते. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये बंद झाल्यावर ओस पडलेल्या जकात नाक्याच्या दोन खोल्या आणि त्यांना मागाहून जोडलेली पत्र्याची शेड, एवढाच हा निवारा आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत त्यात पाणी शिरले. आता स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत सी-1 वर्गात, म्हणजे तातडीने रिकामी करून पाडून टाकावी अशा वर्गात आली आहे. सात कुटुंबांतील लहानमोठी एकतीस माणसे तूर्त समाजमंदिरात आहेत; लग्नसराई सुरू झाली की तेही रिकामे करून द्यावे लागेल.

कार्यालयात चौकशी केली असता, केंद्राच्या अभियानाची मुदत संपली असल्यामुळे आता निधी नाही, एवढेच उत्तर मिळाले. कोणी वित्त आयोगाकडे बोट दाखवतात, कोणी जिल्हा नियोजन समितीकडे, तर कोणी आमदार निधीकडे. यांपैकी नेमके कोणते दार ठोठावावे? शिवाय जो कच्चा आराखडा पाहायला मिळाला, त्यात पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी एक असे दोन मोठे हॉल तेवढे दाखवले आहेत. त्याप्रमाणे बांधकाम झाले तर नवरा-बायको आणि मुले एका छपराखाली येऊनही एकमेकांपासून वेगळी राहतील.

निवृत्त नगरपालिका लेखापाल

ताई, आपल्याला मिळालेले उत्तर चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. दीनदयाळ अंत्योदय योजना – राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाची मुदत 2024 मध्ये संपली हे खरे. मात्र त्या अभियानातसुद्धा जागा स्थानिक संस्थेनेच द्यायची होती, आणि बांधकामाचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात आधी 75:25 आणि पुढे 60:40 या प्रमाणात वाटला जात होता. योजना संपली म्हणून नगरपरिषदेची जबाबदारी संपत नाही. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे विषय स्पष्ट लिहिलेले आहेत.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांना बांधलेला आहे. उरलेला 40 टक्के भाग अबंधित असून पगार व आस्थापना वगळता स्थानिक गरजेवर खर्च करता येतो. त्यातील किती रक्कम अखर्चित आहे, हे लेखा विभागाकडून लेखी घ्यावे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत ते कळायला हवे. जिल्हा नियोजन समितीकडून नगरोत्थानचा, म्हणजे शहरी सुविधांसाठीच्या राज्याच्या योजनेचा, पर्याय आहेच. खासदार आणि आमदार निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभारण्यासाठी असतो, तेव्हा त्यातून भिंती उभ्या राहतील, पण त्या भिंतींच्या आतला रोजचा खर्च त्यातून होणार नाही.

माझ्या अनुभवाने मात्र अशी फाइल पैशाअभावी क्वचितच अडते. ती अडते जागेच्या कागदावर. जकात नाके साधारणपणे गावाच्या वेशीवर, रस्त्याला खेटून बांधलेले असत, आणि त्यांतील कित्येकांखालची जमीन सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्याच्या हद्दीत निघते. वर्षानुवर्षे कर गोळा केला, वीजबिल भरले, म्हणून जागा नगरपरिषदेची होत नाही. मालमत्ता पत्रक अथवा सातबारा उतारा नगरपरिषदेच्या नावे असल्याशिवाय प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव कोणतेही कार्यालय पुढे सरकवणार नाही. म्हणून आधी उतारा काढा, निधीचा विचार त्यानंतर करा.

दुसरे असे की अंदाजपत्रकात निवाऱ्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे जमाखर्चाची वेगळी नोंद, उघडून घ्या, मग त्यापुढे सुरुवातीला अगदी एक हजार रुपयांची तरतूद दिसली तरी चालेल. लेखाशीर्ष असेल तर वर्षाच्या मध्ये पुनर्विनियोजनाने रक्कम वळवता येते. ते नसेल तर चालून आलेला निधीसुद्धा कोठे जमा दाखवावा असा प्रश्न पडतो आणि तो परत जातो. अंदाजपत्रक सभेपुढे येण्याच्या आधी, म्हणजे जानेवारीतच, वॉर्डाच्या नगरसेवकामार्फत ही मागणी लेखी नोंदवावी.

स्थापत्य अभियंता, मिरज

लेखापाल साहेबांनी जागेच्या मालकीविषयी लिहिले, तेच मी जागेच्या पातळीविषयी लिहितो. ज्या इमारतीत दोन वेळा पुराचे पाणी शिरले, ती त्याच ठिकाणी आहे तशी उभारणे म्हणजे पुढच्या पुरासाठी खर्च करणे होय. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर आपली जागा निळ्या पूररेषेच्या (वारंवार येणारा पूर जिथवर पोचतो ती रेषा) आत आहे की निळ्या आणि तांबड्या (क्वचित येणाऱ्या महापुराच्या) रेषेच्या मध्ये, हे प्रथम पाहावे. आत असल्यास तो हट्ट सोडून पर्यायी भूखंड मागावा. दोन रेषांच्या मधल्या नियंत्रित क्षेत्रात असल्यास 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार जोते तांबड्या पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान 45 सेंटिमीटर उंच घ्यावे लागते. एवढ्या भरावाचा आणि पायाचा खर्च मूळ अंदाजात धरलेला नसला, तर निविदा उघडल्यावर रडारड होते.

आराखड्याविषयी आपली हरकत अगदी रास्त आहे. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी किमान 50 चौरस फूट जागा धरली आहे आणि पुरुष, स्त्रिया व कुटुंबे यांच्यासाठी वेगवेगळे निवारे कल्पिलेले आहेत. एकतीस माणसांना 1,550 चौरस फूट लागतील. पुढचा विचार करून पन्नासांसाठी 2,500 धरावेत. एकाच हॉलऐवजी दोनशे चौरस फुटांच्या, दाराला आतून कडी असलेल्या खोल्या आणि सामाईक स्वयंपाकघर अशी रचना केल्यास आडव्या भिंतींचा खर्च वाढतो, पण तो एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. तांत्रिक मान्यता मिळण्यापूर्वीच हा बदल करून घ्या; त्यानंतर एक भिंत हलवायची म्हटली तरी सुधारित अंदाजपत्रक करावे लागते.

एक करदाता, विटा

वाचून प्रश्न पडला तो स्पष्टपणे मांडतो, राग नसावा. घरपट्टी भरणाऱ्या आमच्या भागात गटारे नाहीत, आणि ही कुटुंबे बहुधा बाहेरून आलेली असणार. घरकुल योजना असताना निवाऱ्यावर खर्च कशासाठी?

निवारा कार्यकर्ता, सातारा

आपला प्रश्न सभागृहातही विचारला जाणार आहे, त्यामुळे तो येथे आला हे बरेच झाले. घरकुलासाठी जागा लागते, कागद लागतात आणि प्रतीक्षेची काही वर्षे लागतात. निवारा आहे तो त्या वर्षांसाठी. बाहेरून आलेल्यांविषयी म्हणाल, तर जत-आटपाडीकडून पाण्याअभावी आणि कामासाठी निघालेले कुटुंबही याच जिल्ह्याचे असते. 2011 च्या जनगणनेत देशभर 17 लाखांहून अधिक बेघर मोजले गेले, आणि त्यांतील निम्म्याहून जास्त शहरांत होते. ती मोजणी एका रात्रीची असल्यामुळे पुलाखालून उठून गेलेले त्यात आलेले नाहीत, हे या कामातला कोणीही सांगेल.

ताई, मला काळजी बांधकामाची नाही, त्यानंतरची वाटते. पन्नास जणांच्या निवाऱ्याच्या संचालनासाठी अभियानात वर्षाला सहा लाख रुपये धरलेले असत, म्हणजे दिवसाला माणशी साधारण 33 रुपये. आणि तेही पाच वर्षांपुरते. त्यात तीन पाळ्यांचे काळजीवाहक, वीज, पाणी आणि अंथरूण-पांघरूण हे सारे भागवावे लागते. ही रक्कम नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून दरवर्षी ठेवण्याचा ठराव बांधकामाच्या ठरावाबरोबर, एकाच सभेत करून घ्या. उद्घाटनाच्या दुसऱ्या वर्षी कुलूप लागलेल्या नव्या इमारती मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या व्हरांड्यात झोपलेली माणसेही पाहिली आहेत.

समाजमंदिर रिकामे करण्याच्या तारखेआधी तात्पुरत्या व्यवस्थेचे लेखी पत्र घेण्यास विसरू नका. एकदा ही कुटुंबे विखुरली की लाभार्थीच नाहीत असा शेरा फाइलवर पडतो.

कृष्णाकाठची रहिवासी

सर्वांची मी आभारी आहे. काल नगर भूमापन कार्यालयात जाऊन आले. लेखापाल काकांचा अंदाज खरा ठरला. नाक्याची निम्मी जागा रस्त्याच्या हद्दीत आहे. तथापि जुन्या बाजाराच्या मागे, चढावर, नगरपरिषदेच्याच नावे असलेला सुमारे चार गुंठ्यांचा भूखंड मोकळा आहे, असे तेथील लिपिकांनी दाखवून दिले. सध्या त्यावर कचरागाड्या उभ्या असतात. त्या भूखंडाचा उतारा आणि पूररेषेच्या नकाशाची प्रत यांसाठी आज अर्ज दिला आहे. खोल्यांच्या मागणीवर निवाऱ्यातल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेण्याचे काम आज संध्याकाळी, जेवणे झाल्यावर करणार आहोत.