मोठे रिम, लो-प्रोफाइल टायर : रोज वापरणाऱ्यांनी अनुभव लिहा

नव्या गाडीचं व्हेरिएंट ठरत नाहीये. खालच्याला १६ इंची चाकं, वरच्याला १८ आणि त्यावर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचे टायर. मुलीचं म्हणणं, १८ वालीच उठून दिसते. दिसते हे मान्य. पण आमचा वापर म्हणजे रोजचं ऑफिस, अधूनमधून लांबचा प्रवास आणि मागच्या सीटवर आई. ज्यांनी अशी चाकं रोज वापरली आहेत त्यांनी लिहा, कंपनीची असोत की बाहेरून बसवलेली. दिसण्याचं कौतुक सोडून बाकी सगळं चालेल.

*

माझी गाडी सेकंडहँड. कंपनीचं माप १८५/६५ आर१५, आधीच्या मालकाने २०५/४५ आर१७ चढवलेलं. मधला आकडा म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के, ते. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर, २०५ चे ४५ टक्के म्हणजे ९२. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही आणि विकणारा 'काही फरक पडत नाही हो' म्हणून मोकळा होतो. पण रिम आणि रस्ता यांच्यामधली पावणेतीन सेंटीमीटर उंची गेली ती गेलीच.

पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेलं. वेग काही नव्हता. दण्णकन आवाज आला, पण गाडी सरळ चालत होती म्हणून तसाच घरी आलो. सकाळी बघतो तर साइडवॉलला लिंबाएवढा फुगा. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात साइडवॉल चिमटली की आतले धागे तुटतात. वरचं रबर शाबूत असतं, हवा त्याला तेवढ्या जागी बाहेर ढकलते. पंक्चर काढता येतं, फुगा नाही. टायर टाकूनच द्यावा लागला, आणि जोडीचा बऱ्यापैकी झिजलेला म्हणून तोही बदलला.

*

मी टायरच्याच धंद्यात आहे. वरच्या मापात एक गोष्ट राहिली. मापाच्या पुढे अजून एक आकडा असतो, तो गिऱ्हाईक वाचत नाही. कंपनीच्या १८५/६५ आर१५ वर साधारण ८८ असतो. ८८ म्हणजे त्या टायरची क्षमता ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. २०५/४५ आर१७ साधा घेतला तर ८४ चा येतो. ८८ हवा असेल तर एक्सएल, म्हणजे जास्त वजनासाठी मजबूत केलेला, घ्यायचा, आणि त्याने तेवढं वजन पेलायचं तर हवाही जास्त ठेवायची. म्हणजे आधीच कडक झालेली गाडी आणखी कडक.

'स्टीअरिंग थरथरतंय, बॅलन्सिंग करा' म्हणून लोक येतात. चाक मशीनवर फिरवलं की रिमची आतली कड वाकलेली दिसते, बाहेरून अलॉय चकाचक. त्याच वाकातून हवा हळूहळू जात असते. उंच टायरमधली हवा उतरली तर तो बसल्यासारखा दिसतो. लो-प्रोफाइल बराच उतरला तरी वरून काही कळत नाही. म्हणून गेज घरात ठेवा, चाकाला लाथ मारून अंदाज घेऊ नका.

*

मी चालवत नाही, मागे बसते. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, हातात स्टीअरिंग असतं, तो अंग सावरतो. मागच्याला कळेपर्यंत दणका बसून गेलेला असतो. शिवाय खडबडीत रस्त्यावर असा घरघराट की पुढचे काय बोलतायत ते ऐकू येत नाही. हे म्हणतात, 'स्पोर्टी आहे.' असेल. आईंना बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्या, आणि गुळगुळीत रस्त्यावर नको.

*

इलेक्ट्रिक गाडी बघत असाल तर रेंजचा तक्ता नीट वाचा. टेस्ला मॉडेल एस प्लेड, २०२१ : अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या आकड्यांनुसार १९ इंची चाकांवर ३९६ मैल, २१ इंचीवर ३४८. बॅटरी तीच, मोटर त्याच, आणि साधारण ७७ किलोमीटर चाका-टायरमध्ये गेले. रुंद टायर रस्ता जास्त धरतो, हवाही जास्त कापावी लागते. पेट्रोलच्या गाडीतही हेच होतं, फक्त तिथे आपण ट्रॅफिकला दोष देतो.

*

सगळे तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू. माझ्या गाडीला कंपनीचेच १८ आहेत. वळणावर गाडी लवंडत नाही, स्टीअरिंग जरा हलवलं की लगेच ऐकते. मोठे ब्रेक बसवायचे तर मोठं रिम लागतंच. हायवेला मजा येते, खोटं कशाला बोलू? गावातल्या रस्त्यांवर मात्र बायकोची छोटी गाडी काढतो.

*

'रेसिंगमध्येही मोठीच चाकं असतात' हे इथे येणारच, म्हणून आधीच लिहितो. फॉर्म्युला वन २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर धावत होती. १८ इंची आली २०२२ मध्ये. आधीच्या त्या जाडजूड साइडवॉल सस्पेन्शनचं बरंचसं काम करायच्या. त्या कमी झाल्यावर गाड्यांचं सस्पेन्शन नव्याने जुळवावं लागलं. आपण बाहेरून रिम घालतो तेव्हा सस्पेन्शन कोण जुळवतं? सगळा मार लिंक रॉड, बुश आणि बेअरिंगवर.

*

स्टेपनी बघितलीत का? आमच्या गाडीत चार चाकं १७ ची, डिकीत १५ चं अरुंद चाक आणि त्यावर ताशी ८० च्या मर्यादेचं स्टिकर. लांबच्या प्रवासात टायर कापला. जवळच्या दुकानात आमच्या मापाचा टायर नव्हता, त्याच्या पुढच्यातही नव्हता. बाकीचा प्रवास त्या स्टिकरचं ऐकत केला.

*

फूटपाथला लावून गाडी उभी करणाऱ्यांसाठी एवढंच : साइडवॉल फुगीर असली की आधी रबर घासतं, चपटी असली की थेट अलॉय.

*

(धागाकर्ता) सगळ्यांचे आभार. टायरवाल्या दादांना एक प्रश्न. वरच्या व्हेरिएंटमधल्या एअरबॅग हव्यात, त्या खालच्यात नाहीत. मग वरचं घेऊन चाकं १६ ची करता येतील का?

*

बहुतेक वेळा येतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नाहीतर मॅन्युअलमध्ये कंपनीला चालणारी मापं दिलेली असतात, त्यात १६ चं असेल तर बिनधास्त करा. तरी वरच्या व्हेरिएंटचे ब्रेक मोठे असू शकतात. टायर चढवण्याआधी नुसतं रिम लावायला सांगा, सगळे नट आवळून हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. ब्रेकच्या कॅलिपरला कुठे घासत नसेल तरच पुढचं. आणि काढलेली १८ ची चाकं घरात ठेवा, गाडी विकताना मागतात.